आठव्या खोलीचं माप

१

जमीन मोजायला दोन माणसं लागतात, एक बोलणारा आणि एक धरणारा. बोलणारा मी, दिनानाथ, तेव्हा पेणला मोजणी खात्यात भूकरमापक. धरणारा काळुराम, आमचा साखळीवाला. खात्यातली लोखंडी साखळी जाऊन तीस मीटरची कापडी टेप आली, तरी त्याचं नाव साखळीवालाच राहिलं आणि त्याची बोलीही तीच राहिली. टेपची कडी घेऊन तो पुढे जाणार, मी मागून ओरडणार, "धर!" आणि तिकडून, मग ते शेत असो, खाजण असो की कोणाचं परसू, एकच उत्तर येणार, "धरली, साहेब!" साखळी धरली, तशीच टेपही धरली. चौदा वर्षं यात फरक पडला नव्हता.

मी जरा काटेकोर माणूस आहे. माझी बायको म्हणते, मी ताटातलं मीठसुद्धा फूटपट्टी लावून वाढून घेईन. अशा माणसाला काळुरामसारखा जोडीदार मिळणं हे नशीबच. तो कडी भिंतीला टेकवायचा ती टेकवायचाच, अर्ध्या बोटाचा फरक नाही.

चौऱ्याण्णव सालच्या फेब्रुवारीत पेणच्या काही निवृत्त शिक्षकांनी मला गाठलं. रोह्याच्या खाडीकाठी फिरंग्यांच्या पाद्र्यांचा एक जुना पडका मठ आहे, त्यावर त्यांना पुस्तिका काढायची होती आणि त्यासाठी मठाचा नकाशा हवा होता. "तुमच्याइतकं अचूक कोण काढणार?" असं कोणीतरी म्हणालं आणि मी चढलो हरभऱ्याच्या झाडावर. रविवार ठरला.

काळुराम तेव्हा काविळीतून उठत होता, तीन आठवडे रजेवर. दुसरा माणूस नेता आला असता. पण दुसऱ्याच्या हातावर माझा विश्वास नव्हता, म्हणून मी जिते गावी त्याच्या घरी गेलो. तो लगेच तयार झाला. त्याची बायको चंद्रावती मात्र दारात उभी राहिली.

"साहेब, डोले आजून पिवले हायेत त्यांचे. चार पावलं चालले का धाप लागते."

"मी आहे ना बरोबर. संध्याकाळच्या पॅसेंजरने तुमच्या दारात आणून सोडतो."

"तुमच्या भरवशावर धाडते," ती म्हणाली. मी मान डोलावली. भरवसा हा शब्द तेव्हा मला फार हलका वाटला.

२

रोह्याहून रिक्षाने आम्ही खारबोर्ल्याला उतरलो. मठाची जमीन तिथल्या फारुखच्या घराण्याची होती. फारुख पस्तिशीचा, सात वर्षं कतारला क्रेन चालवून नुकताच परतलेला. त्याने कोयत्याने करवंदीच्या जाळ्या तोडत आम्हाला वर नेलं.

गावात त्या जागेला कोणी मठ म्हणत नव्हतं. नुसतं 'पादरी' म्हणत. गुरं पादरीकडे गेली, पादरीच्या वरच्या अंगाला, असं. जांभ्याच्या जाड भिंती, छप्पर कुठेच नाही, आणि भिंतींच्या डोक्यावर उंबर वाढलेले.

मांडणी मात्र पाहताक्षणी कळण्यासारखी होती, आणि मी मनातून खूश झालो. पश्चिमेला प्रार्थनेची मोठी लांब जागा. तिला लागून चौकोनी अंगण, मध्ये विहीर. अंगणाच्या पूर्वेला एक लांब पडवी, आणि पडवीत ओळीने पाद्र्यांच्या राहण्याच्या खोल्या. त्या खोल्यांची पाठ थेट डोंगरात गेलेली. पुढे पडवी, मागे नुसती माती आणि दगड. पडवीवरची कमान तेवढी अजून शाबूत होती, त्यामुळे तिथे भरदिवसाही उजेड कमीच होता.

फारुख विहिरीपाशी थांबला. "मी इथवरच हां. आत धरतं असं आमची दादी सांगायची."

"आणि तू मानतोस?"

"मी नाय मानत. पन बकरी बी तिकडं चरायला जात नाय, तिला कोन सांगायला गेलतं?"

"अरे, आम्ही तर धरायलाच आलोय," मी टेपचा डबा हलवून म्हणालो. माझ्या विनोदावर मीच हसलो. फारुख थोडा हसला. काळुराम खोल्यांच्या दिशेने बघत होता.

फारुखला खाली जेटीवर काम होतं. चारला येतो म्हणून तो गेला.

३

दुपारपर्यंत काम मजेत झालं. प्रार्थनेची जागा, वेदीवरची कमान, अंगण, विहिरीचा घेर. मी ओरडत होतो, "धर!" तिकडून "धरली, साहेब!" येत होतं आणि वहीत आकडे पडत होते. काळुरामला धाप लागत होती, दर दोन मापांनंतर तो गुडघ्यावर हात टेकून उभा राहायचा. मी म्हणालो, बस जरा. तो म्हणाला, बसलो तर उठवनार न्हाय. जमिनीत पाद्र्यांच्या थडग्यांच्या फरश्या होत्या, अक्षरं पुसत आलेली. त्यांच्यावर पाय न देता तो अंग चोरून चालत होता.

जेवायला विहिरीच्या काठावर बसलो. चंद्रावतीने मला तांदळाची भाकरी आणि सुकट दिली होती, त्याला नुसती पेज. त्याने पेजेकडे असं काही पाहिलं की मला हसू आलं. मी तोंड दुसरीकडे वळवलं तेव्हा त्याने माझ्या डब्यातली चिमूटभर सुकट उचलून तोंडात टाकली.

"घरी सांगू नका हां, साहेब."

"नकाशात दाखवतो की. सुकट चोरण्याचं ठिकाण."

तो पोट धरून हसला, मग खोकला, मग परत हसला. त्याचं तसं हसणं मी त्यानंतर ऐकलं नाही.

अंगणात बसल्यावर खाली खाडीतल्या होड्यांची वल्ही ऐकू येत होती, माणसांचं बोलणं, कावळे. पडवीत पाऊल टाकलं आणि सगळं बंद झालं, पंख्याचं बटण बंद करावं तसं. जाड भिंती आहेत, मी स्वतःला म्हणालो. आणि भिंती खरंच जाड होत्या, मी मोजल्या होत्या.

४

खोल्यांसाठी आम्ही एक पद्धत ठरवली. माझा गुडघा दुखतो आणि आत दगडांचे ढीग पडलेले, म्हणून मी पडवीतच उभा राहायचं, डबा आणि वही घेऊन. काळुरामने कडी घेऊन आत जायचं आणि मागच्या भिंतीला टेकवायची. मी दाराच्या उंबऱ्यावर आकडा वाचायचा, लिहायचा, मग रुंदी. मग दोन पावलं पुढे, पुढचं दार.

"धर!"

"धरली, साहेब!"

तीन चाळीस. पुढे.

"धर!"

"धरली, साहेब!"

तीन अडतीस. पाद्री मोठे शिस्तीचे होते, सगळ्या खोल्या जवळजवळ सारख्या. अशा कामात माणसाची मान वहीतून वर येत नाही. डोळे आकड्यावर, पाय आपोआप पुढे. मी ओरडत होतो, उत्तर येत होतं, मी लिहीत होतो. मध्येच काळुराम काहीतरी म्हणाला, मी मान हलवली. काय म्हणाला ते कानावर पडलं, डोक्यात शिरलं नाही.

"धर!"

या वेळी उत्तराला जरा वेळ लागला.

"धरलंय."

मी आकडा वाचला. अकरा वीस.

"टेप झोळ खातेय. ताण!"

टेप ताणली गेली, चांगली जोरात. आकडा अकरा वीसच राहिला. असेल एखादी मोठी खोली, कोठार वगैरे, असं म्हणून मी लिहिलं. खोली आठ, लांबी अकरा मीटर वीस. ते 'धरलंय' मला खटकलं होतं. साहेबही म्हणाला नाही. पण दमलेल्या माणसाच्या व्याकरणाला कोण नावं ठेवतो?

५

रुंदी घ्यायला म्हणून मी मान वर केली.

मी सातव्या दारापुढे उभा होतो. त्यापुढे पडवी संपत होती. कोरी भिंत, तिला शेवाळ.

मी दारं मोजली. सात. पहिल्या दारापर्यंत मागे नजर नेऊन उलटी मोजली. सात. वहीत पाहिलं. सातव्या खोलीचं माप लिहिलेलं होतं, लांबी तीन एकेचाळीस, रुंदीसकट. आणि खाली आठवी.

मी स्वतःवर चिडलो. चाळिशी उलटली, नजर गेली, वहीत भलतंच लिहितो आहोत. टेप हातात ताणलेली होती, ती सातव्या दारातून आत गेली होती. म्हणजे काळुराम आत होता. मी वाकून दारात शिरलो.

खोली रिकामी होती. वरच्या उंबरांच्या पानांतून थोडा उजेड येत होता. माझी टेप कमरेच्या उंचीवर खोली ओलांडून सरळ मागच्या भिंतीपर्यंत गेली होती आणि दोन दगडांच्या मधल्या फटीतून आत शिरली होती. फट वीतभर. काळुरामचा हात गेला असता त्यातून. काळुराम गेला नसता.

फटीपलीकडे डोंगर होता. हे मला माहीत होतं. सकाळीच मी वर चढून पाहून आलो होतो.

"काळुराम?"

"साहेब." फटीतून आलं. त्याचाच आवाज, तीच धाप. "धरलंय, साहेब."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. टेपला कोणी धरलंय म्हणत नाही. टेप धरली. धरलंय म्हणतात ते माणसाबद्दल. त्याला धरलंय. मला धरलंय. तो मला माप सांगत नव्हताच, मी उगाच वहीत लिहीत बसलो होतो.

मी दोन्ही हातांनी टेप ओढली. ती वीतभर आली. ओढताना पलीकडे वजन लागलं, माणसाचं लागतं तसं, जरा पुढे येणारं. मग ती हळूहळू परत आत गेली, आणि मी केलेल्या जोराचा तिला काही फरक पडला नाही. आकडा उंबऱ्यावर सरकत होता. अकरा तीस, अकरा चाळीस.

"साहेब, कोनाशी बोलताव?"

हा आवाज माझ्या पाठीमागून आला.

६

काळुराम दारात उभा होता. तोंड ओलं, सदऱ्यावर पाण्याचे ओघळ.

"मी पानी प्यायला गेलतो," तो म्हणाला. "सातवी झाली तवा तुमाला सांगितलं ना. तुमी मान हलवलीत."

हे खरं होतं. त्याने काहीतरी सांगितलं होतं आणि मी मान हलवली होती.

मी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा फटीकडे. टेप माझ्या हातात होती आणि तिला ताण होता. मी इतका घाबरलो होतो की माझ्या डोक्यात पहिल्यांदा आलं ते असं, की आता ह्याची परीक्षा घ्यावी, शाळेतल्या पोराची घेतात तशी.

"दुपारी माझ्या डब्यातलं काय खाल्लंस?"

"सुकट," दारातला काळुराम हसून म्हणाला.

"सुकट, साहेब," फटीतून आलं. "ओढा. मी हाय."

मी डबा दारातल्याच्या पुढे केला. "धर."

त्याने तो दोन्ही हातांनी घेतला. "धरली, साहेब."

बरोबर बोलला. चौदा वर्षं जसं बोलत आला तसं बोलला. मला हायसं वाटलं. हा खरा, भिंतीतलं काय असेल ते असेल, घुमणारा आवाज, वारा, माझा चळलेला कान. एक गोष्ट मात्र मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. अंगणातून पडवी चढून आलेल्या या काळुरामला धाप लागली नव्हती. भिंतीतल्या आवाजाला लागली होती. हे मला त्या क्षणीच कळलं होतं, आणि मी ते कळू दिलं नाही. मला घरी जायचं होतं, आणि काळुरामला घरी न्यायचं होतं, आणि घरी नेता येण्यासारखा एकच काळुराम माझ्यासमोर होता.

"गाडी चुकंल, साहेब," तो म्हणाला. "सोडू का?"

फटीतून आता नुसता श्वास येत होता. तो ऐकत होता, मी काय म्हणतो ते.

"सोड," मी म्हणालो.

त्याने बोटं उघडली. डबा जमिनीवर पडला, फरफटत भिंतीशी गेला आणि फटीला अडकला. टेप सरसर उलगडत आत चालली, मग तिचं मूळ तुटल्याचा आवाज आला. मग एकदाच, "साहेब," असं आलं. रागावून नाही, नुसतं हाक मारल्यासारखं.

आम्ही खाली उतरलो तेव्हा फारुख वर येत होता. त्याने काळुरामकडे पाहिलं आणि वाटेतून बाजूला झाला. चहा विचारला नाही.

७

दिलेल्या शब्दाप्रमाणे मी त्याला जित्याला दारात नेऊन सोडलं. चंद्रावतीने कंदील वर धरून त्याचे डोळे पाहिले. डोळे पांढरेस्वच्छ होते. सकाळच्या गाडीत पिवळे होते ते.

"बरे झाले की," मी म्हणालो. तिने कंदील तसाच वर धरून ठेवला.

नकाशा मी काढला, सात खोल्यांचा. शिक्षकांनी वाखाणला. काळुराम कामावर रुजू झाला. पूर्वीपेक्षा चांगलं काम करायचा. दमायचा नाही, खोकायचा नाही. मी 'धर' म्हणायचो, तो 'धरली' म्हणायचा, आणि तो शब्द ऐकताना मला दर वेळी खाली बसावंसं वाटायचं. दोन महिन्यांत मी टेबलावरचं काम मागून घेतलं.

मे महिन्यात एका दुपारी चंद्रावती माझ्या पेणच्या घरी आली. पाणीसुद्धा घेतलं नाही. भिंतीला टेकून बसली.

"साहेब, त्या दिवशी काय झालं ता सांगा."

"का? काही त्रास देतो का?"

"त्रास? हात उगारीत न्हाय, पीत न्हाय. पानी भरतो, धाकट्या लेकीची येनी बी घालतो. मांगं वेंधला होता हो. दिवसाआड मीठ दोनदा घालायचा, चप्पल उलटी घालायचा, माझ्यावं वरडायचा न् मंग गुमान बसायचा." तिने पदराने कपाळ पुसलं. "आता येक चूक न्हाय. तीन महिन्यांत येक बी न्हाय. मानसाचं काय तरी चुकतंच ना, साहेब?"

मी सगळं सांगितलं. फक्त धापेची गोष्ट गाळली. ती ऐकत राहिली. शेवटी तिने एवढंच विचारलं, "सोड कोन म्हनलं?"

"मी."

तिने मान हलवली. मला वाटलं शिव्या घालेल, आणि त्या मला हव्या होत्या. तिने घातल्या नाहीत. "मला तिकडं न्या," म्हणाली.

८

दुसऱ्या दिवशी काळुराम मोजणीच्या कामाला वडखळला गेला होता. आम्ही सकाळच्या गाडीने रोह्याला गेलो. फारुखला सांगितल्यावर त्याने एकही प्रश्न न विचारता पहार घेतली. या वेळी तो विहिरीपाशी थांबला नाही.

सातव्या खोलीत टेपचा चामडी डबा अजून फटीशी पडून होता, बुरशी आलेला. फारुखने तो पायाने बाजूला सारला आणि पहार फटीत घातली. एक दगड निघाला, दुसरा निघाला. मागे लाल माती. त्याने हातभर खोल पहार मारली. माती, मुळं, पुन्हा माती. पोकळी कुठेच नव्हती. टेपचा तुकडासुद्धा नव्हता. घामाने भिजलेला फारुख पहार टेकवून माझ्याकडे पाहू लागला.

"मी हाक मारते," चंद्रावती म्हणाली.

पण तिच्या तोंडून हाक निघेना. बावीस वर्षांच्या संसारात तिने नवऱ्याचं नाव कधी उच्चारलं नव्हतं. अवो, ऐकलंत का, लेकीचे बाबा, एवढ्यावर संसार झाला होता. लग्नात सगळ्यांनी अडवलं म्हणून एकदा नाव घेतलं असेल, तेवढंच. ती दोनदा तोंड उघडून गप्प झाली. मग तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला, जणू तो समोर उभा आहे, आणि मातीकडे तोंड करून म्हणाली,

"कालुराम!"

आम्ही तिघंही श्वास धरून उभे राहिलो.

"आलो गो," मातीतून आलं.

फारुखच्या हातातली पहार पडली. चंद्रावती दोन्ही हातांनी माती उकरू लागली, नखांनी, रडत, हसत. "हतं हाय! साहेब, हतं हाय तो!" मीही गुडघे विसरून खाली बसलो आणि दगड काढू लागलो.

"कालुराम!"

"आलो गो."

आवाज तोच, पण जरा मागे गेलेला. आम्ही पुन्हा खणलं. तिने पुन्हा हाक मारली. "आलो गो." आता आणखी मागे, अंगणाच्या पलीकडून बोलावं इतका. त्याला धाप लागली होती, तो घाईघाईने चालत असावा. तिची हाक ऐकून तो जीव तोडून येत होता, आणि दर हाकेला लांब लांब चालला होता.

सातव्या-आठव्या हाकेला तिच्या हे लक्षात आलं. तिने फारुखचा हात थांबवला. मग मातीला कान लावून ती कितीतरी वेळ बसून राहिली. आत फार खोलवर, जाऊन जाऊन कमी होत गेलेलं काहीतरी ऐकू येत होतं. "गो... कुठं हायेस?" असं असावं. मला नीट कळलं नाही. तिला कळलं असणार.

"बोला ना काहीतरी," मी म्हणालो. "एकदा ओ तरी द्या."

"न्हाय," ती म्हणाली. "माझा आवाज आला का तो आनखी चालंल."

९

फारुखने आम्हाला रोहा स्टेशनला सोडलं. त्याने चंद्रावतीच्या हातात पाण्याची बाटली दिली आणि माझ्याकडे न बघता निघून गेला. तिच्या नखांत लाल माती होती. नळाशी नेलं तरी तिने हात धुतले नाहीत.

प्लॅटफॉर्मच्या टोकाला बाकावर काळुराम बसला होता. आम्हाला पाहून उठला. वडखळचं काम लवकर संपलं, घरी ही दिसली नाही, म्हणून न्यायला आलो, असं तो म्हणाला. आम्ही कुठे गेलो ते त्याला कोणी सांगितलं, हे मी विचारलं नाही. विचारून काय करणार होतो? पोलिसांना काय सांगायचं, की हा माणूस फार चांगला वागतो?

"दमलीस गो," तो तिला म्हणाला आणि तिच्या हातातली पिशवी घेतली. तिने देऊन टाकली.

गाडीत तो तिच्या शेजारी बसला, मी समोर. नागोठणं गेलं, कासू गेलं. त्याने तिच्यासाठी भेळ घेतली, कागदाचा कोन उघडून तिच्या पुढ्यात धरला. ती खिडकीबाहेर पाहत होती. मी मनात वाक्यं जुळवत होतो, ती उतरून माझ्या घरी राहिली तर, तिला माहेरी सोडलं तर, दोन्ही लेकींना आणलं तर. मला एकही वाक्य तिच्यापुढे बोलता आलं नाही, कारण तो माझ्याकडे पाहून हसत होता, आणि त्याच्या हसण्यात चूक काढता येत नव्हती.

"पेन आलं, साहेब," चंद्रावती म्हणाली. "उतरा तुमी."

"तुम्हीही..."

"लेकी घरी हायेत माझ्या. उतरा."

मी उतरलो. पेणनंतर हमरापूर, मग जिते, दोनच स्टेशनं. मी खिडकीपाशी उभा राहिलो. गाडी सुटता सुटता तिचे ओठ हलले, सातव्या खोलीत नाव घेताना हलले होते तसे. तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि वरून दोन्ही हात घट्ट दाबून धरले, हाक बाहेर पडू नये म्हणून.